आठव्यानंतर सातवा फर्मा

कोलशेत, ठाणे
२ फेब्रुवारी, सोमवार

ती. पोपटमामा,

नमस्कार. तुमचे गुडघे, मामींची शुगर आणि समोर चाललेलं बिल्डिंगचं काम, यांची चौकशी मी मुद्दाम याच क्रमाने करते आहे. मागच्या पत्रात बिल्डिंगचं आधी विचारलं आणि मामींचं शेवटी, त्यावर हौसामामी दोन महिने काही बोलल्या नाहीत असं तुम्ही कळवलं होतं. आता लिहिताना वाटतं, मामींनाच पहिलं विचारायला हवं होतं. कागद बदलावा का, असा विचार पाच मिनिटं केला. पण कागद चांगला आहे, तो फाडला तर तुम्ही रागवाल. तुम्ही पत्र वाचण्याआधी अंगठ्याने कोपरा चोळून पाहणार, उजेडात धरणार आणि ‘ऐंशी जीएसएमचा आहे, ठीक आहे’ म्हणून मगच चष्मा लावणार, हे मला इथे बसून दिसतं आहे. टिटवाळ्याच्या तुमच्या ओट्यावर सकाळचं ऊन आलं असेल, डब्यातल्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद पडला असेल, आणि निवृत्तीला एवढी वर्षं होऊनही कोणाची तरी फाटकी पोथी तुमच्या लोखंडी वजनाखाली दबून पडली असेल. सगळं तसंच असू दे. मी मात्र एका पुस्तकाखाली दबले आहे, आणि ते पुस्तक तुम्ही बांधलेलं आहे.

तुम्हाला ‘उधाणाची पायरी’ आठवते का? आठवत नसेल तर हे पत्र इथेच थांबवायला हवं, आणि आठवत असेल तर जरा जास्तच जपून लिहायला हवं. (हे वाक्य मी डायरीत तीन प्रकारे लिहून पाहिलं. तिन्ही प्रकारांत तुमच्यावर आरोप केल्यासारखं वाटतं. हा त्यातला सौम्य आहे.) मी नववीत होते, आबा फेब्रुवारीत गेले आणि मे महिन्यात आईने वडिलांविना राहिलेल्या मला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही रद्दीतून आणलेली, वाळवीने कडा खाल्लेली एक सुटी कादंबरी चार दिवस बसून बांधलीत, तपकिरी कापडाची पाठ लावलीत आणि काही न बोलता माझ्या मांडीवर ठेवलीत. टाकीच्या सावलीत बसून मी ती तीन दुपारी वाचली. मिठागरावरची गोदा, तिचे बापू, खाडी, बांध. पुस्तकात मीठ वाळत होतं आणि टाकीच्या कडेला हौसामामींचे सांडगे वाळत होते. डोळे मिटले की दोन्ही एकच पांढरं दिसायचं. त्या तीन दुपारींमधून मी पूर्ण बाहेर आलेय असं मला आजही खात्रीने सांगता येत नाही.

तर आता मूल्यमापनाबद्दल. आमच्या शाळेने यंदा ठरवलं की नववीच्या मुलांची वाचनकौशल्यं धड्यांवरून तपासायची नाहीत, एक अख्खी जुनी, नावाजलेली कादंबरी सहा आठवड्यांत वाचून घ्यायची आणि तिच्यावरून तपासायची. ओघ, घटनाक्रम, शब्दसंपत्ती, अनुमान आणि आस्वाद असे पाच रकाने. कादंबरी निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि त्याच महिन्यात, चाळीस वर्षांनी, ‘उधाणाची पायरी’ची नवी आवृत्ती निघाल्याची बातमी आली. योगायोगावर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी मी स्वतःला एवढी सवलत दिली. मुख्याध्यापिका दर्शनाबाईंनी सदतीस प्रती मागवल्या. वर्गात मुलं अडतीस. उरलेल्या एका मुलीला, सान्वीला, मी माझी प्रत दिली, म्हणजे तुमची. वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं आणि चार सूचना केल्या: खाताना वाचू नये, झोपून वाचू नये, पान दुमडू नये, आणि आवडलं तर लगेच सांगू नये. (चौथी सूचना का केली ते मला माहीत नाही. बहुधा मला ऐकून घ्यायची तयारी करायची होती.)

नव्या प्रती आल्या तेव्हा मी त्यातली एक उघडली, नाकाशी नेली आणि मिटली. वाचली नाही. हे मी कबूल करते, कारण पुढचं सगळं या एका ओळीतून आलं आहे. कशासाठी वाचायची? मला ती पाठ होती. एम.ए.ला मी तिच्यावर प्रबंधिका लिहिली होती. तिच्यातल्या मधल्या भागावर, जिथे बापू उधाणात जातात आणि नंतर घरी जेवायला येतात, त्या भागावर माझी अकरा पानं आहेत. आमच्या सरांनी समासात ‘नवी दृष्टी’ असं लिहून अ श्रेणी दिली होती. सरांनी ती कादंबरी तरुणपणी वाचली होती आणि नंतर त्यांना प्रत मिळाली नव्हती. तेव्हा हे मला सरांचं दुर्दैव वाटलं होतं.

सहा आठवडे फार सुंदर गेले, मामा. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास वाचनाचा असायचा. आमच्या वर्गाच्या खिडकीतून दोन टॉवरच्या मधून बोटभर खाडी दिसते. मुलं बाकावर हनुवटी टेकून वाचायची, पंखा फिरायचा, सगळ्यांची पानं थोड्याथोड्या वेळाने उलटायची आणि तो आवाज पाणी काठाला लागल्यासारखा यायचा. मी टेबलाशी बसून हजेरीपट भरायला घ्यायची आणि भानावर यायची तेव्हा मिठागराच्या बांधावर असायची. एकदा घंटा झाली ती मला ऐकूच आली नाही, आणि मुलांनीही सांगितलं नाही. पुढच्या तासाचे प्रशांत सर दारात भूमितीचा कंपास घेऊन पाच मिनिटं उभे होते. म्हणाले, ‘तुम्हा सगळ्यांकडे बघून मलाच झोप आली.’ मी ते कौतुक म्हणून घेतलं.

मग तोंडी परीक्षा. एकेकाला बाहेर व्हरांड्यात बोलवायचं, एक मिनिट मोठ्याने वाचायला लावायचं आणि शब्द मोजायचे. मयूर नावाचा मुलगा आहे, कोलशेतच्या जुन्या घरांपैकी. त्यांची पूर्वी मिठागरं होती, आता जमिनींवर टॉवर उभे आहेत. तो मिनिटाला फक्त चोपन्न शब्द वाचत होता. दर दोन वाक्यांनी थांबायचा, वर बघायचा, जणू कोणी काही विचारणार आहे, आणि मग पुढे जायचा. मी ‘ओघ संथ, सराव हवा’ असं लिहिलं. का थांबतोस हे विचारलं नाही. रकान्यात त्याला जागा नव्हती.

लेखी परीक्षेत चौथा प्रश्न घटनाक्रमाचा होता: सहा घटना, योग्य क्रम लावा. पाचवा प्रश्न मी फार प्रेमाने काढला होता: ‘उधाणात गेलेले बापू घरी येऊन जेवतात, मीठ मागतात, गोदाचा धडा ऐकतात आणि निघतात. या प्रसंगाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.’ सदतीस मुलांचा घटनाक्रम चुकला. एकाच जागी, एकाच प्रकारे: सगळ्यांनी बापूंचं जेवण उधाणाच्या आधी लावलेलं. आणि पाचव्या प्रश्नाला उत्तरं काय, तर ‘बापूंना भूक लागली होती.’ ‘जेवण अळणी होते.’ ‘यातून मिठाचे महत्त्व कळते.’ मयूरने लिहिलं होतं, ‘बापू रोजच घरी येतात. त्यात काय?’ मी त्याखाली लाल शाईने ‘वरवरचे वाचन’ असं लिहिलं आणि रेघ एवढी दाबून मारली की ती खालच्या पानावर उमटली. एकटीच सान्वी बरोबर होती. तिने लिहिलं होतं, ‘ते गेल्यावर एकदा येतात, कारण जाताना सांगायचं राहिलं होतं.’ मी तिला दहापैकी दहा दिले आणि बराच वेळ खिडकीतून ती बोटभर खाडी बघत बसले.

आता सदतीस मुलं एकच चूक करतात याचा अर्थ काय घ्यायचा? मी तो घेतला जो कोणताही शिक्षक घेईल. एकाने मोबाइलमधल्या कुठल्याशा यंत्राला विचारून सारांश काढला आणि तो वर्गभर फिरला. मी वर्गात प्रामाणिकपणावर वीस मिनिटं बोलले. (बरं बोलले.) मग प्रत्येकाला वहीत दहा वेळा लिहायला लावलं: ‘मी पुस्तक न वाचता उत्तर लिहिले.’ खाली पालकांची सही. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, पण लिहिलं. एक मुलगी लिहिताना रडत होती. तिला मी जवळ घेऊन, चूक कबूल केली की हलकं वाटतं, असंही सांगितलं. तिकडे प्रशांत सरांनी सगळे गुण संगणकात भरले. त्यांच्या तक्त्याने हिशेब करून दाखवलं की नववी ब या वर्गाची वाचनक्षमता इयत्ता तिसरीची आहे. सदतीस नावं सुट्टीतल्या जादा वाचनवर्गासाठी यादीत गेली. म्हणजे अख्खा मे महिना, सकाळी आठ ते अकरा. मुलं गावी जाणार नाहीत, कोणी पोहायला जाणार नाही, आणि दाखल्याबरोबरच्या प्रगतिपत्रकात ‘वाचनात मागे’ असा शेरा कायमचा राहील. दर्शनाबाई म्हणाल्या, यादी शुक्रवारी वरच्या कार्यालयात जाते, तोवर पुन्हा एकदा बघून घ्या. मी म्हटलं, बघण्यासारखं काही नाही.

गुरुवारी मयूरचे आजोबा आले. काळुराम त्यांचं नाव, वय पंच्याहत्तरच्या पुढे, पांढरा सदरा, पायात चपला. मोठ्या गाडीतून उतरले पण दार हळू लावलं. त्यांनी सही केली नव्हती. वही टेबलावर ठेवली आणि बसा म्हटल्यावरही थोडं उभेच राहिले. त्यांनी सांगितलं ते असं: मयूरची आजी दिवाळीत गेली, तेव्हापासून घरात संध्याकाळी टीव्ही लागत नाही. मग हा नातू त्यांना रोज पुस्तक वाचून दाखवायचा. त्यांचे डोळे अधू, पण कान पक्के. सगळी जिंदगी मिठागरावर गेली, त्यामुळे ते दर दोन वाक्यांनी त्याला थांबवायचे: हे मीठ असं ओढत नाहीत, हा बांध असा फुटत नाही. लेखकाने उधाण अष्टमीला आणलं आहे, तर अष्टमीला भांग असतो, म्हणजे लहान भरती, पाणी उलट कमी चढतं. त्या दिवशी माणूस बुडायचा म्हणजे त्याने फारच मनावर घ्यायला हवं. (मी ही कादंबरी तीस वर्षं वाचते आहे. मला अष्टमी दिसली होती, आवडलीही होती. अर्धा चंद्र होता म्हणून.) म्हणजे मयूरचे चोपन्न शब्द कुठून आले ते मला तेव्हा कळलं. वर्गात पुस्तक सगळ्यात नीट कोणी वाचलं असेल तर त्याने, आणि मी त्याच्या नावापुढे ‘संथ’ लिहून ठेवलं होतं.

पण मी एवढ्यावर हलणारी नव्हते. मी त्यांना समजावलं, वाचन चांगलं झालं असेल, पण मधला प्रसंग मुलाला कळला नाही. बापू उधाणात जातात, तेरावा होतो आणि मग ते जेवायला येतात. ही लेखकाची खास शैली आहे. ते अगदी हळू, माझी समजूत घालावी तसे म्हणाले, ‘बाई, एक इचारू? मेलेला मानूस पाटावर येऊन बसतो का? आमचेकडं त्याचा पान भायेर ठेवतात. आत नाय वाढत.’

मी म्हटलं, तेच तर, म्हणूनच हा प्रसंग मोठा आहे. आणि दाखवण्यासाठी सान्वीला तिच्याकडची प्रत घेऊन बोलावलं. त्यांनी मयूरची नवी प्रत पिशवीतून काढली. दोन्ही शेजारी उघडल्या. मामा, आपल्या घराचा नकाशा दुसऱ्याच्या हातात उलटा दिसावा तसं झालं. सगळं होतं, एकही शब्द कमी नव्हता, फक्त नव्या पुस्तकात बापू आधी जेवत होते आणि मग जात होते. माझ्यात आधी जात होते. मी माझ्या प्रतीचे पृष्ठांक शोधायला वर पाहिलं आणि तेव्हा मला आठवलं की माझ्या प्रतीला पृष्ठांकच नाहीत. वाळवीने वरची कड खाल्ली म्हणून तुम्ही कापणी खोल घेतलीत, असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात आणि मी ते तीस वर्षं मानलं. आकड्यांशिवाय पुस्तक मला नेहमी बरंच वाटलं होतं. कुठे आहोत हे कळायचं नाही. काळुरामांनी दोन्ही पुस्तकं एकेक करून डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. हसले नाहीत, हे त्यांचे माझ्यावर उपकार. वही उचलली, न सही करता पिशवीत ठेवली आणि ‘हल्लू हल्लू बगा’ म्हणून निघाले.

शुक्रवारी मी वर्गात फळ्यावर लिहिलं: ‘मी पुस्तक उलटं वाचलं आणि सुलट वाचणाऱ्यांना नापास केलं.’ दहा वेळा लिहायचा विचार होता, पण फळा पुरला नाही, सातवर थांबले. मुलांना वाटलं हा नवा प्रश्न आहे, दोघांनी उतरवून घेतलं. मग मी सगळं सांगितलं. नंतर मागून कोणीतरी विचारलं, मग बाई, ते दहा वेळा लिहिलेलं खोडायचं कसं, पेनाने लिहिलंय. मी म्हटलं, आपण ती पानं काढून टाकू. त्यावर मयूर म्हणाला, ‘नको बाई, राहू दे. घरी दाखवायला मजा येईल.’ सगळ्यात वाईट वेळ सान्वीने आणली. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे मी एकटीच चुकले का, बाई?’ मी तिला बस म्हटलं. नंतर वर्गात वाद झाला, कुठलं पुस्तक चांगलं, नवं की बाईंचं, आणि हात वर केले तर एकोणीस-एकोणीस झाले. अनुमान आणि आस्वाद या रकान्यांत त्या पंधरा मिनिटांत जेवढं काही झालं तेवढं सहा आठवड्यांत झालं नव्हतं. मी ते कुठेच नोंदवू शकले नाही, कारण गुण भरायची मुदत संपली होती.

एम.ए.ची पदवी परत करावी का, हा विचार शनिवारी दिवसभर केला. विद्यापीठाला पत्राचा मसुदाही लिहिला. पण नक्की काय परत करायचं, अकरा पानांचे गुण किती, ते कळेना. मग तो मसुदा डायरीत ठेवून दिला.

आता तुमच्याशी ज्याचा संबंध आहे ते. सान्वीने पुस्तक परत करताना मला एक जागा दाखवली. सातव्या फर्म्याच्या पहिल्या पानावर, अगदी तळाशी डाव्या कोपऱ्यात, तांदळाएवढं एक ठिगळ आहे. त्याच जुन्या कागदाचं, कडा पातळ करून बसवलेलं. ती म्हणाली, ‘बाई, इथे चिकटवलंय.’ तिच्या नखाने एक कोपरा उचलला गेला होता. खाली बारीक सातचा आकडा होता. आठव्या फर्म्यावरही तसंच. सोळा पानं दुमडून एक फर्मा होतो आणि बांधणाऱ्याला क्रम कळावा म्हणून प्रत्येक फर्म्याच्या पायाशी आकडा छापतात, हे मला तुम्हीच लहानपणी शिकवलंत. बाकीचे चौदा आकडे उघडे आहेत. मी भिंग घेऊन पाहिलं.

मग मी आणखी एक गोष्ट केली. सोळाही फर्म्यांची पहिली आणि शेवटची वाक्यं डायरीत उतरवली आणि कुठले दोन उलटे लावले तर वाक्य तुटत नाही ते करून पाहिलं. सहाव्याचा शेवट: ‘गोदाने दाराची कडी काढली आणि’. सातवा पुढे म्हणतो, बापू आत आले, पाटावर बसले, मीठ मागितलं. आठवा म्हणतो, सगळी माणसं बांधाकडे धावली. दोन्ही जुळतं. आठव्याचा शेवट: ‘तेराव्या दिवशी आत्याने पानं मांडली आणि’. नवव्यात लगेच गोदा शाळेच्या वाटेला लागते; पण मध्ये सातवा घातला तर मांडलेल्या पानांवर बापू येऊन बसतात. आणि सातव्याच्या शेवटी ते हात धुऊन, येतो म्हणून निघतात, आणि गोदा दप्तर उचलते. बाकी कुठेही अदलाबदल केली की वाक्यं उघडी पडतात. दोनशे छप्पन्न पानांत अशी एकच जागा आहे. ती सापडायला पुस्तक आधी सबंध वाचावं लागतं, आणि सावकाश वाचावं लागतं. मामा, बांधणारा पुस्तक वाचत नाही, वाचलं की हात चुकतो, असं तुम्ही आयुष्यभर सांगत आलात.

आबा त्या दिवशी सकाळी खोपटच्या एसटी डेपोत कामावर गेले ते परत आले नाहीत. मी आदल्या दिवशीच्या कशावरून तरी फुगून बसले होते आणि ते ‘येतो’ म्हणाले तेव्हा मी मान वर केली नव्हती. हे मी कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. आईला सांगितलं असेन, आईने तुम्हाला सांगितलं असेल. टाकीच्या सावलीत बापू पाटावर येऊन बसले तेव्हा मला त्यात काही विचित्र वाटलं नाही, एवढं आठवतं. वाटलं, हं, आले. आणि गोदाने मान वर केली. त्या रात्री मी मामींकडे पोटभर जेवले, तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतात.

पत्र लांबलं. वाचताना पाय लांब करून बसा. मामींना माझा नमस्कार सांगा, आणि तो पहिला सांगितला होता असंच सांगा.

तुमची,
हेमांगी

ता.क. खरं काम राहिलंच. गुण बदलायला दर्शनाबाईंनी मला एक फॉर्म दिला आहे. यादी त्यांनी माझ्यासाठी आठवडाभर थांबवली आहे, पण फॉर्ममध्ये ‘बदलाचे कारण’ असा दोन ओळींचा रकाना आहे. प्रशांत सर म्हणाले, ‘बाइंडरची चूक’ लिहा, विषय संपला. मी पेन टेकवलं आणि लिहू शकले नाही. एकतीस वर्षं छापखान्यात तुमचा एक फर्मा उलटा लागला नाही. तुमच्या नावावर चूक घालायची तर तुम्हाला विचारायला हवं, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं.

ता.क. २. विचारायची गरज उरली नाही. वरचं लिहून झाल्यावर फॉर्म भरला: ‘पुस्तक बरोबर बांधलेले होते. शिक्षिकेला कळायला वेळ लागला.’ दोन ओळींत बसलं. दर्शनाबाईंनी वाचून माझ्याकडे पाहिलं, पण सही केली. अडतीसही मुलांना दहापैकी दहा आहेत, सान्वीलाही. तिला मी बोलावून सांगितलं की ती चुकली नव्हती. प्रशांत सरांचा तक्ता हे मान्य करत नाही, तो लाल होऊन बसला आहे. तुम्ही काही कबूल करायची गरज नाही. नखाने उचललेला कोपरा मी खळ करून परत चिकटवला आहे. मोरचूद मिळाला नाही, कडुलिंब घातला. चालेल का तेवढं कळवा.

ता.क. ३. पाकीट बंद करणार तर आज काळुराम पुन्हा शाळेत आले. मला वाटलं वहीचं काही असेल. मयूरची प्रत जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून आणली होती. खिडकीकडे बघत म्हणाले, ‘तो तुमचा बांधनारा मानूस अजून बांधतो का?’ मी हो म्हटलं. तर रविवारी सकाळी ते गाडीने टिटवाळ्याला येतील. घरी राहा. नवी आवृत्ती शिवलेली नाही, नुसती गोंदाने चिकटवलेली आहे, तुम्ही तिला पुस्तक म्हणणार नाही, पण त्यांच्यासमोर तसं बोलू नका. तिचे फर्मे नाहीत, तेव्हा कुठून सोडवायचं आणि कुठे लावायचं ते तुम्हीच बघाल. बापूंचं जेवण तेराव्यानंतर यावं म्हणून मी पेन्सिलीने दोन खुणा केल्या आहेत. पातळाचा तुकडा सखुबाईंचा आहे, दिवाळीत गेलेल्या त्यांच्या मंडळींचा. तो पाठीला लावता आला तर बघा. आणि मामा, त्यात कापणी खोल घेऊ नका, ठिगळही लावू नका. मी त्यांना आधीच विचारून ठेवलं आहे. म्हणाले, ‘आकडं ऱ्हाऊ दे. मना म्हाईत हाय.’